मुलाखत झाली, आता कळवा: कोकणातल्या नव्या मालकांसाठी

माणसं कामाला घ्यायची वेळ ज्यांच्यावर नुकतीच आली आहे, त्यांच्यासाठी हा लेख. तारकर्लीत सात खोल्यांचं रिसॉर्ट, वेंगुर्ल्याजवळ काजूचा कारखाना, रत्नागिरीत मिरजोळे एमआयडीसीत वर्कशॉप, चिपळुणात पॅथॉलॉजी लॅब, दापोलीत प्ले-स्कूल. अशा ठिकाणी एचआर नावाचं खातं नसतं. मालक, मालकीणबाई किंवा हिशेब बघणारा भाऊ मुलाखत घेतो, "बरं, कळवतो" म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवरचा पंप जळतो. कळवायचं राहूनच जातं.

मी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या लहान धंद्यांची भरतीची आणि पगाराची कामं बघते. जो माणूस एस.टी. धरून तुमच्या दारात आला, त्याला सांगितलेल्या तारखेला हो किंवा नाही कळल्याशिवाय भरती पूर्ण झाली असं मी धरत नाही. मुंबईत नाकारलेला उमेदवार गर्दीत मिसळून जातो. इथे तो आठवड्याच्या बाजारात समोर उभा राहतो, त्याचा चुलतभाऊ तुमच्याकडे गॅस सिलिंडर आणतो, आणि त्याची आई तुमच्या आईला देवळात भेटते. "काय झाला रे त्या नोकरीचा?" "अजून काय कळूक नाय." एवढं संभाषण चार वेळा चार ओट्यांवर झालं की पुढच्या जाहिरातीला बायोडेटे का येत नाहीत, याचं कोडं मालकाला पडतं.

१. जाहिरातीआधी तारीख ठरवा

जागा निघाली की आधी वहीत तीन गोष्टी लिहा: निर्णय कोण घेणार, कधीपर्यंत घेणार, आणि उमेदवाराला कळवणार कोण. कळवणारं माणूस एकच असावं. दोघांवर सोपवलं की दोघंही समजतात, दुसऱ्याने कळवलं असेल.

उशिराचं मूळ बऱ्याचदा मुंबईत असतं. धंदा इथे, पैसे घातलेला थोरला भाऊ डोंबिवलीत. "दादा शनिवारी तुतारी एक्सप्रेसने येतोय, त्याच्याशी बोलून सांगतो." दादाला सुट्टी मिळत नाही, शनिवार पुढे जातो आणि उमेदवार रोज फोन बघत बसतो. दादाचं मत हवंच असेल तर मुलाखतीच्या दिवशी त्याला व्हिडिओ कॉलवर बसवा, नाहीतर मुलाखत तो येईल त्याच दिवशी ठेवा.

तारीख ठरवताना इथलं कॅलेंडर बघा. गणपतीच्या आधीचा आठवडा ते गौरी-गणपतीचं विसर्जन हा काळ सोडून द्या, त्या दिवसांत कोणी कोणाचा निर्णय घेत नाही. शिमग्याचंही तेच. आंब्याची माणसं मार्च उजाडायच्या आत पक्की झालेली बरी. पेट्या भरायला लागल्यावर बागायतदार मुलाखत घेईल, पण कळवणार नाही हे मी लिहून देते. यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, म्हणून मासळीच्या धंद्यातली भरती जुलैमध्ये उरकते. रिसॉर्टवाल्यांची गर्दी दिवाळीपासून, तेव्हा गणपती उठले की मुलाखती आणि दसऱ्याच्या आत उत्तरं.

२. मुलाखत संपताना काय सांगायचं

उमेदवार खुर्चीतून उठायच्या आत एवढं बोला:

"अजून चार-पाच जणांना भेटायचंय. निर्णय १८ तारखेपर्यंत होईल. १८ ला संध्याकाळी सहाच्या आत मी स्वतः तुम्हाला कळवीन, हो असलं तरी आणि नाही असलं तरी. तोवर दुसरीकडून बोलावणं आलं तर माझ्यासाठी थांबून राहू नका, फक्त एक फोन करा."

"थांबून राहू नका" हे मुद्दाम म्हणायचं. विशेषतः पहिलीच नोकरी शोधणारी मुलं एका "कळवतो"वर महिना महिना बसून राहतात, कारण साहेब बोलताना हसले होते.

मग नंबर. बायोडेट्यावरचा नंबर पुष्कळदा वडिलांचा किंवा शेजारच्या काकांचा असतो. घर खाली वाडीत असेल तर रेंज सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, चढल्याशिवाय येत नाही. म्हणून तिथेच विचारा: हा फोन कोणाचा? व्हॉट्सॲप याच नंबरवर आहे का? दिवसा कधी लागतो? दुसरा नंबर लिहून घ्या आणि त्या नंबरवर निरोप ठेवलेला चालेल का हेही विचारा. घरी न सांगता मुलाखतीला आलेल्या मुली असतात. आधीच्या मालकाला न कळता आलेले स्वयंपाकी तर असतातच.

येण्याजाण्याचं म्हणाल, तर राजापूरच्या आतल्या गावातून चिपळूणला यायचं म्हणजे सकाळची पहिली गाडी आणि संध्याकाळची शेवटची. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना निम्मं तिकीट आहे, दिवस मात्र अख्खा जातो. रोजंदारीवरच्या माणसाचा त्या दिवसाचा रोजही बुडतो. पुन्हा बोलवायचं असेल तर गाडीभाडं द्या. आणि पुन्हा बोलावून फक्त "पगार किती घ्याल" एवढंच विचारायचं असेल तर ते फोनवर विचारा.

३. त्याच संध्याकाळी वही भरा

वही, एक्सेल, काहीही चालेल. मी साधी लांब वही वापरते, कारण लाईट गेली तरी ती उघडते. एक नोंद अशी असते:

"१२ ऑक्टो. फ्रंट ऑफिस. कणकवलीहून. बोलणं स्वच्छ, हिंदी चांगलं, इंग्रजीत अडखळते पण गप्प होत नाही. बुकिंगचं सॉफ्टवेअर वापरलेलं नाही. रात्रपाळी नको, स्वतःहून सांगितलं. अपेक्षा १५,०००. निर्णय: राखीव. कळवायचं: १८. कळवलं: "

शेवटचा रकाना मुद्दाम कोरा. तो भरल्याशिवाय पान उलटायचं नाही.

शेरे लिहिताना एवढं बघा, की उद्या त्या उमेदवाराने वही उघडून वाचली तर तुम्हाला मान खाली घालावी लागू नये. "जाडी आहे", "जास्त शहाणा", "लग्न ठरलंय, टिकणार नाही" असले शेरे मी वह्यांमध्ये पाहिले आहेत. नाही म्हणताना तेच तोंडातून बाहेर पडतं. कामाशी जोडलेलं लिहिलंत तर पुढे कारण सांगायची वेळ आल्यावर शब्द आयते हाताशी असतात.

४. आधी स्पष्ट नकार मोकळे करा

नवे मालक अडकतात ते इथे. एकजण पसंत पडतो, दोघे बरे वाटतात, चौघे नक्की नकोत. मालक सातही जणांना टांगून ठेवतो, कारण पसंत पडलेला येईल याची खात्री नसते. भीती खोटी नाही. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गकडच्या पोरांना गोवा हाताच्या अंतरावर आहे. जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळावरून विमानं उडायला लागली आणि तिथली हॉटेलं, टॅक्सी, लोडिंगची कामं जास्तच जवळ आली. आज हो म्हटलेला मुलगा सोमवारी पेडण्यात दिसू शकतो.

पण त्या चौघांना तुम्ही कुठल्याच परिस्थितीत घेणार नव्हता ना? मग त्यांना दुसऱ्याच दिवशी कळवा. पहिल्याने नाही म्हटलं तर तुम्ही त्या दोघांकडे जाल, या चौघांकडे नाही. ते ताटकळले तर त्यात तुमचा फायदा काहीच नाही.

त्या दोघांना मात्र खरं सांगायचं. बहुतेक मालकांना हे अवघड जातं, "दुसरा नंबर" म्हटलं की माणूस दुखावेल असं वाटतं. माझा अनुभव उलट आहे. असं लिहा:

"नमस्कार. फ्रंट ऑफिसच्या जागेसाठी आम्ही आधी दुसऱ्या एका उमेदवाराला विचारलं आहे. त्यांचं उत्तर २४ तारखेपर्यंत येईल. ते आले नाहीत तर पुढचं नाव तुमचं आहे. २५ तारखेला मी तुम्हाला नक्की काय ते कळवते. दरम्यान दुसरीकडे काम मिळालं तर जरूर घ्या, मला फक्त सांगा."

मग २५ ला खरंच कळवायचं. राखीव माणसाला एकदाच राखीव ठेवता येतं. तारीख तीनदा पुढे ढकललीत तर तो मनातून निघून गेलेला असतो, आणि आला तरी पहिल्या दिवसापासून दुसरी नोकरी बघत असतो.

५. नाही कसं म्हणायचं

पहिल्याच वाक्यात निकाल. माणूस मेसेज उघडतो तो निकालासाठी, वर आभाराच्या चार ओळी घातल्या तर तो त्या घाईघाईने ओलांडतो आणि मनातल्या मनात तुम्हाला शिव्या देतो.

"नमस्कार. स्टोअर असिस्टंटच्या जागेसाठी तुमची निवड झालेली नाही. गोदामाचा स्टॉक कॉम्प्युटरवर सांभाळलेला उमेदवार आम्हाला मिळाला, त्यांना घेतलं आहे. तुम्ही लांबून आलात, वेळ दिलात, त्याबद्दल आभार. तुमच्या झेरॉक्स मी नष्ट करत आहे. परत हव्या असतील तर शनिवारपर्यंत सांगा."

बस, एवढंच. यात "पुढच्या वेळी नक्की घेऊ" नाही. घेणार असाल तरच म्हणा. "तुमच्यात काही कमी नाही" हेही नको. मग घेतलं का नाही, हा प्रश्न त्याच्या मनात राहतोच. आणि ज्याच्याशी तासभर मालवणीत गप्पा मारल्यात त्याला इंटरनेटवरून उचललेला "वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू" पाठवू नका. बोललात त्याच भाषेत लिहा. गुलाबाच्या फुलांचा फोटो जोडून नकार पाठवणाऱ्या एका हॉटेलवाल्याला मी ओळखते, त्याला वाटतं त्याने दुःख कमी केलं.

फोन की मेसेज? एकदाच भेटलेल्यांना मेसेज पुरतो. दोनदा आलेल्यांना, किंवा ज्यांच्याकडून तुम्ही चव बघायला स्वयंपाक करून घेतलात, एक दिवस काउंटरवर बसवून बघितलंत, त्यांना फोन. फोन लागला की आधी "आता बोलायला जमेल का?" हे विचारा. इकडे फोन ओटीवर वाजतो आणि आजोबांपासून पाहुण्यांपर्यंत सगळे कान टवकारतात. जमत नसेल तर "कधी करू?" विचारा. वडिलांनी उचलला तर "अहो, जरा त्यालाच द्या, मी परत करते" एवढंच. वडिलांनी कितीही खोदून विचारलं तरी निकाल ज्याचा त्यालाच.

व्हॉट्सॲपवर दोन घोटाळे नेहमी होतात. एक, सगळ्या उमेदवारांचा ग्रुप करून त्यात निकाल टाकणं. कोण कोण आलं होतं हे सगळ्यांना कळतं, सगळ्यांचे नंबर सगळ्यांकडे जातात, आणि आधीच्या मालकाला बातमी पोचायला संध्याकाळही लागत नाही. दुसरा, ब्रॉडकास्ट. तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलेला नाही त्यांना ब्रॉडकास्टचा मेसेज जातच नाही, तुम्हाला मात्र वाटतं पाठवला. एकेकाला वेगळा पाठवा. दोन निळ्या खुणा दिसल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशी साधा एसएमएस करा, पावसाळ्यात तर हमखास. जून-जुलैत वादळी पावसाने टॉवर बसला की दोन-दोन दिवस नेट नसतं.

६. "पण का नाही?"

काहीजण विचारतील, आणि विचारण्याचा त्यांना हक्क आहे. एकच कारण द्या, कामाशी जोडलेलं आणि त्यांच्या हातात असेल असं. "रात्रपाळीला तयार माणूस हवा होता." "काजूच्या ग्रेडिंगला तुमचा हात अजून बसलेला नाही, एक सीझन कुठे काम केलंत तर फरक पडेल." "टॅलीची एंट्री करायला दिली ती दोनदा चुकली." पाच कारणांची यादी वाचून दाखवू नका, ऐकणाऱ्याला ती शिक्षा वाटते.

लग्न, मूल, जात, धर्म, गाव, दिसणं हे कारणात यायलाच नको, कारण निर्णयातच ते यायला नको. भरतीत स्त्री-पुरुष भेदभाव करायला १९७६ च्या समान मोबदला कायद्यापासून मनाई आहे. "आम्हाला मुलगाच हवा होता" असं सहज बोलून जाणाऱ्यांना हे माहीत नसतं. माल उचलायचा असेल तर किती किलो उचलायचा ते जाहिरातीत लिहा. ज्यांना जमेल ते येतील.

वाद घालणारा एखादा भेटतो. ऐकून घ्या, "तुमचं म्हणणं समजलं, निर्णय झाला आहे" म्हणा आणि थांबा. निर्णय तिथल्या तिथे बदललात तर पुढच्या भरतीत सगळेच वाद घालतील.

७. शब्द टाकणारे

कोकणात निम्म्या मुलाखती कोणाच्या तरी शब्दाने होतात. बँकेतले साहेब, सरपंच, गणपती मंडळाचे अध्यक्ष, बायकोचे मामा. त्यात गैर काही नाही, ओळखीचा माणूस टिकतो हा अनुभवच आहे. गोंधळ होतो तो नाही म्हणायच्या वेळी. मालक उमेदवाराला काहीच सांगत नाही, मामांना सांगतो. मामा ते आपल्या पद्धतीने पोचवतात, म्हणजे कारण बदलून, किंवा पोचवतच नाहीत. पोरगा दोन महिन्यांनी लग्नात भेटतो आणि विचारतो, "साहेब, माझं काय झालं?"

क्रम उलटा ठेवा. आधी उमेदवार, त्याच दिवशी नंतर शब्द टाकणारा. मामांना एवढंच सांगायचं: "मामा, तुम्ही पाठवलेल्या मुलाला भेटलो. या जागेसाठी जमलं नाही. त्याला सकाळीच कळवलंय." कारण सांगायचं नाही. मामा म्हणतील, "अरे, पण काय कमी पडलं?" तेव्हा "ते त्याला सांगितलंय, त्यालाच विचारा." थोडं तुटक वाटेल. पण त्या मुलाची टॅलीतली चूक अख्ख्या वाडीत फिरण्यापेक्षा हे बरं.

मुलाखतीला बोलावतानाच शब्द टाकणाऱ्याला "बघतो, पण पसंत पडला तरच हं" असं सांगून ठेवलंत तर नंतरचं अर्धं ओझं उतरतं. आणि जागा आधीच भरलेली असताना केवळ शब्द मोडवत नाही म्हणून कोणाला मुलाखतीला बोलावू नका. मामांची मर्जी राखायला पोराचा दिवस आणि गाडीभाडं खर्च करायचं, हे काही बरोबर नव्हे.

८. तारीख हुकणार असेल तर

आदल्या दिवशी कळवा. "उद्या सांगतो म्हटलं होतं, जमत नाही, शुक्रवारी सांगतो." एवढी एक ओळ. तारीख उलटून गेल्यावर पाठवलेल्या लांबलचक खुलाशाचा उपयोग होत नाही. आणि उमेदवाराने स्वतःहून फोन केला तर तो उचला. न उचललेला फोन त्याला नकारापेक्षा जास्त लागतो. जागाच रद्द झाली असेल तर तेही सांगा. बुकिंग घटलं, कर्ज मंजूर झालं नाही, यात लाजण्यासारखं काय आहे?

९. हो म्हणताना

आनंदाच्या भरात हो फोनवर होतो आणि कागद राहतो. पद, पगार, हातात किती येणार, रुजू व्हायची तारीख, सुट्टी, राहणं-जेवण तुमच्याकडे आहे का, आणि काम बारमाही की सीझनपुरतं, हे लिहून द्या. केंद्राच्या नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, त्यांतही नियुक्तिपत्राची तरतूद आहे. पत्र हातात पडेपर्यंत आधीच्या ठिकाणचा राजीनामा देऊ नका, हे तुम्हीच त्याला सांगा. सीझनपुरतं काम असेल तर "मे अखेरीस काम थांबेल" हे वाक्य ठळक असू द्या. पाऊस सुरू झाल्यावर खोल्यांना कुलूप लागतं हे तुम्हाला माहीत आहे, पण कोल्हापूरहून आलेल्या कुकला ते माहीत असेलच असं नाही.

१०. कागद

मूळ मार्कशीट, मूळ आधार कार्ड कधीही ठेवून घेऊ नका, रुजू झालेल्या माणसाचंही नाही. बघा आणि तिथल्या तिथे परत द्या. न घेतलेल्यांच्या झेरॉक्स आणि फोटो परत करा किंवा फाडून टाका, फोनमधले पीडीएफही पुसा. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. पण त्याच्याही आधीची साधी गोष्ट म्हणजे, मी एका खानावळीत जेवणाचं बिल बायोडेट्याच्या पाठकोऱ्या बाजूवर घेतलं आहे. पुढच्या बाजूला मुलीचा फोटो, जन्मतारीख, घरचा पत्ता, मोबाइल नंबर, सगळं होतं.

ज्यांची नावं पुढच्या सीझनसाठी ठेवायची आहेत त्यांना आधी विचारा: "नंबर ठेवू का? सप्टेंबरात जागा निघाली तर फोन करीन." हो म्हटलं तरच ठेवा, आणि वहीच्या शेवटच्या पानावर नाव, काम, नंबर एवढंच. पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणं १९५९ च्या कायद्याने बंधनकारक होतं. नव्या कामगार संहितांनी २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा घेतली, तेव्हा आता तुम्हाला काय लागू आहे ते कार्यालयात विचारून घ्या. जागा कळवायचं काम हल्ली राज्य सरकारच्या महास्वयं या रोजगार पोर्टलवर होतं. तिथून उमेदवार आले असतील तर कोणाला घेतलं, कोणाला नाही, हे तिथेही नोंदवा. मग पुढची जागा निघाली की जाहिरातीआधी ते शेवटचं पान उघडा आणि पहिला फोन तिथल्या पहिल्या नावाला करा.